दंडाचा गूळ

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, ‘तिकडे हिंगोलीला बघण्यासारखं काय आहे हो?’ काही नाही. ऊन आहे, धूळ आहे आणि सत्कार आहेत. तरीही सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि माझ्या डोक्यातून तो प्रवास काही केल्या जात नाही.

मी व्याख्यानं देतो. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर हा उद्योग सुरू केला. ‘राग आवरा, आयुष्य सावरा’ हे माझं सगळ्यात गाजलेलं व्याख्यान. पुण्यात ज्येष्ठ नागरिक संघांपासून बँकेच्या अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी ते ऐकलंय. माझ्या बायकोने, सुलभाने, ते एकदाच ऐकलं आणि घरी येताना म्हणाली, “छान होतं. आता एकदा आपल्या घरातही द्या.” हा तिचा स्वभाव.

औरंगाबादला एका कार्यक्रमानंतर शिवराम राठोड नावाच्या एका शाळामास्तरांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. “सर, आमच्याकडं या. आमच्याकडं कोणीच येत न्हाई.” हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच परभणीतून वेगळा झाला होता. मी ‘बघू’ म्हटलं. बघू म्हणजे नाही, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही कळतं. शिवराममास्तरांना ते कळलं नाही. त्यानंतर त्यांचे एसटीडीवरून फोन सुरू झाले, तेही नेमके मी जेवायला बसलो की. शेवटी माझं जेवण वाचवण्यासाठी मी हो म्हटलं. वसमत, डोंगरकडा आणि पुसेगावजवळचा त्यांचा बंजारा तांडा, अशी तीन व्याख्यानं ठरली.

वसमत

हळदीचे दिवस होते. मोंढ्यात हळद, रस्त्याकडेला हळद, गच्चीवर हळद. शेतांत कढया लागलेल्या आणि शिजणाऱ्या हळदीचा तो उग्र, ओला वास सगळ्या गावावर बसलेला. मला उतरल्यापासून शिंका सुरू झाल्या. शिवराममास्तर म्हणाले, “सोनं हाय सर, सोनं.” असेल. माझ्या नाकाला त्या सोन्याचं काही कौतुक नव्हतं.

संध्याकाळी सभागृह भरलं. लोक वेळेवर आले नाहीत, पण आले खूप. आणि मग सत्कार सुरू झाले. आपल्याकडे पाहुण्याच्या हातात एक गुलाबाचं फूल देतात आणि मोकळे होतात. इथे माझा सत्कार झाला, मग ज्याने माझा केला त्याचा झाला, मग पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाला टोपी, टॉवेल, नारळ. एका जाडजूड गृहस्थांचं नाव घ्यायचं राहून गेलं. ते उठून चालू लागले. सगळा कार्यक्रम थांबवून चार माणसं त्यांच्यामागे धावली, त्यांना दारातून परत आणलं, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून पहिल्या रांगेचा सत्कार पुन्हा पहिल्यापासून झाला! मी व्यासपीठावर मांडीत नारळ घेऊन शिंकतोय. अखेर मी माइकसमोर उभा राहिलो, “मित्रहो” म्हणालो, आणि दिवे गेले.

अंधारात, माइकशिवाय, मी जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडलो. शांत कसं राहावं हे ओरडून सांगणं किती कठीण असतं ते एकदा करून बघा. मग मीच थांबलो. शिवराममास्तर खूश होते. म्हणाले, “लई बराबर झाला कार्यक्रम.”

डोंगरकड्याची वाट

दुसऱ्या दिवशी काळीपिवळीत, म्हणजे तिकडच्या त्या कोंबून भरलेल्या जीपमध्ये, मास्तर माझ्या खांद्याला खांदा लावून बसले होते. दुसरा काही इलाजच नव्हता. मध्येच म्हणाले, “सर, तुमाला एक गोष्ट सांगायची राहिली.”

“सांगा.”

“माझा बाप अन् काका एकमेकाला बोलत न्हाईत. मी चवथीत होतो तवापासून.”

मी म्हटलं, वाईट आहे. घरोघरी असतं असं.

“तसं न्हाई. माझ्या बहिणीची, ललिताची, सोयरीक जमली. पोरगं पुसदकडचं हाय. तांड्यावर तुमचं भाषण हाय ना, त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी पाव्हणे येऊन राहिले गूळ खायला. आमच्यात गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. अन् आमच्या तांड्याची रीत हाय, गूळ फोडायचा चुलत्यानं. चुलता जिता असून बसला न्हाई तर तांड्याचा नाईक गूळ फोडू देत न्हाई.”

“मग बोलवा काकांना!”

“बोलवलं. ते म्हणतेत, माझ्या भावानं सोता येऊन बोलवावं. बाप म्हणते, मी मोठा, मी काहून जाऊ?”

भांडण कशावरून, तर बैलावरून. दोघांचा मिळून एक नांगर, एकेकाचा एकेक बैल, लाल, एकसारखी जोडी. मोठ्या भावाने, म्हणजे मास्तरांच्या वडिलांनी, पुसेगावच्या बाजारात आपला बैल न विचारता विकला. धाकट्याचा बैल एकटा पडला. जोडी फोडली, बस्स. पूर्वी सगळ्या मुलखात बैलांवर माल वाहून नेणाऱ्या या लोकांत जोडी फोडणं ही साधी गोष्ट नसते, असं मास्तर म्हणाले.

“आणि यात मी काय करायचं?”

“काही न्हाई सर. तुमी फक्त ते राग आवरायचं सांगा. काका पुढं बसणार हाय.”

आता मला सगळं लख्ख दिसलं. व्याख्यान, वसमतचे नारळ, जेवताना येणारे फोन, सगळं त्या गुळासाठी होतं! मी भडकलो. म्हटलं, “अहो, मी व्याख्याता आहे, पंच नाही! हे आधी सांगायला काय झालं होतं?” जीपमधली सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली. मास्तर शांतपणे म्हणाले, “आधी सांगितलं असतं तर तुमी आले असते का सर?” 

डोंगरकड्याला केळीच्या बागा आहेत आणि केळी उत्तम आहेत हे प्रामाणिकपणे नमूद करतो. मला इतकी खाऊ घातली की व्याख्यानाच्या वेळी वाकता येईना. पण वाकायची वेळच आली नाही. माझी ओळख करून देणाऱ्या सज्जनांनी मास्तरांकडून माझ्या व्याख्यानाची कॅसेट नेऊन ऐकली होती. ‘सर तुम्हाला काय सांगणार आहेत’ असं म्हणून त्यांनी माझं अख्खं व्याख्यान देऊन टाकलं, उदाहरणांसकट, माझ्या विनोदांसकट. लोक हसले, टाळ्या वाजवल्या आणि उठले. मी उभा राहून “धन्यवाद” म्हणालो.

तांडा

पुसेगाव मागे पडल्यावर गाडीचा टायर गेला आणि उरलेली वाट पायी झाली. माळ, पळसाची झाडं, डोक्यावर ऊन. मास्तरांच्या डोक्यावर माझी बॅग आणि बॅगेवर वसमतचे नारळ. तांडा उतारावर होता. दोन्ही भावांची घरं एका भिंतीची, पुढे एकच ओटा, आणि त्या ओट्याच्या मधोमध फुटक्या कवेलूंची, म्हणजे कौलांची, एक रांग मांडलेली. अलीकडे धनसिंग, म्हणजे मास्तरांचे वडील. पलीकडे हिरामण, म्हणजे काका. दोघेही पांढऱ्या मिश्यांचे, दोघेही सुपारी कातरत बसलेले, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना.

पाहुणा दोन्ही घरांचा, म्हणून मला दोन्हीकडे पाणी प्यावं लागलं. मग दोन्हीकडे चहा. मग जेवण, तेही दोन्हीकडे! ज्वारीची भाकरी, पिठलं, वर ठेचा, आणि पुन्हा ज्वारीची भाकरी, पिठलं, वर ठेचा. धनसिंग म्हणाले, “पाव्हण्याला इचारा, तिकडं पोटभर वाढतेत का.” हिरामण हवेकडे बघून म्हणाले, “सांगा, इकडं मीठ बराबर असते.” मी दोघांच्या मध्ये ढेकर दाबत बसलो. आपल्याकडे भांडलेले भाऊ कोर्टात जातात, पाहुण्याच्या पोटात तरी जात नाहीत.

ललिता अंगणवाडीत शिकवायची. मास्तरांना ती ‘भिया’ म्हणत होती. भिया म्हणजे भाऊ, असं तिने मला समजावून सांगितलं. दुपारी भाकऱ्या थापताना तिने थेट विचारलं, “सर, भाषणात काय सांगनार?”

मी सांगितलं, क्षमा करण्याच्या पाच पायऱ्या. पहिली स्वीकार, दुसरी विचार, असं तिला नीट समजावून दिलं. तिने सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “हे त्याइला कळते सर. दोघाला बी कळते.”

“मग तू बोल ना वडिलांशी.”

“बोलले. रडून पाहिलं. जेवन सोडलं तर त्यांनी बी सोडलं. तिकडं काकानं बी सोडलं. दोनी चुली इझल्या, पर कोणी ओटा ओलांडला न्हाई.” मग खाली बघून म्हणाली, “पोरगं मला पसंत हाय सर. मी सोता बोलले त्याच्याशी. उद्या पाव्हणे तसेच उठून गेले तर परत येनार न्हाईत. त्याइच्यात मान लई मोठा.”

 मला चीड आली. या पोरीचं सगळं आयुष्य दोन म्हाताऱ्यांच्या मिश्यांना बांधलंय, आणि सोडवायला आणलंय कोणाला, तर मला!

निंबाखाली

ऊन उतरल्यावर निंबाखाली सगळा तांडा जमला. इथे सत्कार नव्हता, माइक नव्हता, प्रास्ताविक नव्हतं. नाईक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, बाजेवर बसले होते. पुरुष समोर, बायका मागे. मला वाटलं, चला, शेवटी एकदाचं माझं व्याख्यान होणार. मी घसा साफ केला आणि नेहमीची सुरुवात केली. पुण्यात ही सुरुवात फार परिणामकारक ठरते.

“मित्रहो, तुम्ही शेवटची माफी कधी मागितलीत? आणि कोणाची?”

इथे मी थांबतो. पुण्यात लोक माना खाली घालतात, मग मी पुढे जातो. इथे नाईकांनी हात वर केला. “सवाल झाला. एकेकानं सांगा.”

मी म्हटलं, “नाही नाही, उत्तर द्यायचं नाही, हा नुसता...”

“तुमी थांबा गुरुजी. तुमचा सवाल चालू हाय.”

मास्तरांनी माझ्या कानात सांगितलं, तांड्याची बैठक बसली, तिला नसाब म्हणतात. नसाबात विचारलेला सवाल वाऱ्यावर जात नाही. प्रत्येकाचं उत्तर झाल्याशिवाय बैठक उठत नाही. “हे तुम्ही आता सांगताय?” मी दातओठ खाऊन म्हणालो.

मग सांगणं सुरू झालं. एकाने शेजाऱ्याची कोंबडी खाल्ली होती, ती कशी पकडली इथपासून सांगितलं. एका म्हातारीने उभी राहून सांगितलं की तिने सुनेची माफी मागितलेली नाही आणि मागणार नाही, अन् का, तेही सविस्तर. सून लगेच उठली, तिचंही झालं. कोणी कोणाला मध्येच तोडत नव्हतं. मी हातात माझे कागद धरून उभा. तिसरं व्याख्यान माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांच्या तोंडून चाललं होतं.

मग धनसिंगांची पाळी आली. ते उठले, म्हणाले, “मी कोनाची माफी मागितली न्हाई,” आणि बसले. हिरामण उठले. “मी बी न्हाई.” बसले. झालं! मागे बायकांत ललिता बसली होती. तिने मान खाली घातली नाही. ती सरळ माझ्याकडे बघत होती.

आणि माझं डोकं फिरलं. खरं सांगतो, मला आठवतंय तेवढं सांगतो. मी हातातले कागद आपटले. “शरम वाटत नाही? एक बैल! तो बैल मरून मातीसुद्धा झाली असेल, आणि तुम्ही अजून त्याच्या दाव्याला बांधलेले! मी पुण्याहून आलो, शिंकलो, भाजलो, दोन-दोन जेवणं जेवलो, कशासाठी? ती पोरगी तिथे बसलीये, तिचं काय? अहो धनसिंगराव, तुम्ही मोठे ना? मग चार पावलं टाकून त्या ओट्यावरून पलीकडे जाता येत नाही? हा मोठेपणा नाही, हा गाढवपणा आहे! गाढव आहात तुम्ही!”

  राग आवरा सांगणारा मी, घामाने भिजलेला, मुठी वळून उभा. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते.

हिरामण उठले. काठी टेकत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्यापेक्षा हातभर उंच माणूस.

“ए पुण्याच्या सायबा. भिया हाय माझा. त्याला गाढव म्हनायचं तर मी म्हनीन. तू कोन?”

 मग त्यांच्या मागून धनसिंगांचा आवाज आला. “बस, हिरामण. पाव्हना हाय. चुकला.”

हिरामण मागे वळले. भावाकडे बघत राहिले. मग धनसिंगांच्या शेजारीच, होती ती जागा बघून, खाली बसले. मास्तरांनी माझं कोपर इतक्या जोरात धरलं होतं की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं. मागे बायकांमध्ये कोणीतरी रडू लागलं. ती ललिता नव्हती, तिची आई होती.

 नाईक म्हणाले, “गुरुजी, नसाबात मोठ्या मानसावर आवाज चढवला. दंड बसंन.”

“बसू दे,” मी म्हटलं. अजून रागातच होतो.

“दंड गुळाचा असते. सगळ्या तांड्यानं खायचा.”

“एक भेली,” हिरामण म्हणाले.

“दोन,” धनसिंग म्हणाले. “लई मोठ्यानं बोलला.”

“व्हय. दोन,” हिरामण म्हणाले. दोघांचं एकमत झालं, आणि तेही माझ्या विरुद्ध. मी कागद गोळा करू लागलो. तेवढ्यात नाईक म्हणाले, “अन् इचारनाऱ्याचं उत्तर राहिलं. ज्यानं इचारलं त्यानं बी सांगावं लागते.” मी म्हटलं, मला काही सांगायचं नाही. नाईक म्हणाले, “घाई न्हाई. नसाब तवर उठत न्हाई, इतकंच.” लोक आपापल्या घरी गेले, पण बैठक उठली नाही असं सगळे म्हणत होते. 

गूळ

सकाळी मी स्वतः एकाच्या मोटरसायकलवर मागे बसून पुसेगावला गेलो आणि गुळाच्या दोन भेल्या, म्हणजे ढेपा, घेऊन आलो. पाहुणे आले. धिप्पाड, शांत माणसं, फेटे बांधलेली. मुलगा कोपऱ्यात बसला होता आणि त्याच्या कानशिलांवरून घाम गळत होता, एवढं मी पाहिलं. नाईकांनी विचारलं, “चुलता हाय का?”

हिरामण ओट्यावरची कवेलूंची रांग ओलांडून आले. रांग कोणी उचलली नव्हती. ते आले, बसले, बत्ता उचलला आणि माझ्या दंडाची भेली एका घावात फोडली. गूळ पाहुण्यांना दिला, भावाला दिला, मग माझ्या हातावर एक मोठा खडा ठेवून म्हणाले, “खा. तुमचाच हाय.” मला गोड चालत नाही, डॉक्टरांनी बंद केलंय. खाल्ला.

सगळं गोडीत झालं असं समजू नका. पंगतीत धनसिंगांना भाजी हवी होती तेव्हा ते मलाच म्हणाले, “त्याला सांगा, इकडं वाढ.” हिरामण त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. मी म्हटलं, “तुम्हीच सांगा!” त्यांनी नाही सांगितलं. पण हिरामणांनी वाढलं.

निघताना ललिता वाटेपर्यंत आली. कागदात बांधलेला गूळ माझ्या हातात दिला, “बाईंसाठी” म्हणाली. मग हसून म्हणाली, “सर, तुमचं भाषन राहिलंच की.”

“राहिलं.”

“बरं झालं.”

मी चार पावलं गेलो आणि थांबलो. मास्तर म्हणाले, “काय राहिलं सर? नारळ घेतले मी.” मी परत फिरलो. का, ते विचारू नका. त्या नाईकांचं ते ‘घाई न्हाई’ माझ्या पायात अडकलं होतं. ओट्यावर दोघे भाऊ बसले होते, मध्ये कवेलू, तोंडं आपापल्या दिशेला. मी धनसिंगांसमोर उभा राहिलो.

“काल चुकलं माझं. तुम्हाला गाढव म्हणायला नको होतं. माफ करा.”

त्यांनी सुपारी कातरायची थांबवली. माझ्याकडे बघितलं, मग कवेलूंच्या पलीकडे मान वळवली.

“ऐकलं का रे, हिरामण? मागितली त्यानं.”

“ऐकलं,” पलीकडून आवाज आला. “सांग नाईकाला. उठला म्हनावं नसाब.”

घरी आल्यावर सुलभाने सगळं ऐकलं, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि विचारलं, “म्हणजे त्या दोघांपैकी माफी कोणी मागितली?” मी सांगितलं. कोणीच नाही. अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात माफी मागून आलो तो मी एकटा.